आधी पाळी सांगा, मग वेळ विचारा

नवी दिल्ली स्टेशनाच्या एक नंबर फलाटाकडून बाहेर पडलं की समोर पहाडगंज. गाड्या रात्रंदिवस येतात, म्हणून मेन बाजारातली हॉटेलंही रात्रंदिवस उघडी. रात्री अडीचला बॅगा ओढत आलेल्या गिऱ्हाइकाचं आधारकार्ड बघायचं, रजिस्टरात नोंद करायची, किल्ली काढून द्यायची, तर काउंटरमागे कुणीतरी जागं हवंच. त्यामुळे इथल्या मुलाखतीत शिक्षणाच्याही आधी प्रश्न येतो, ‘नाइट कर लोगे?’ आणि उत्तरही ठरलेलं, ‘हाँ जी, कभी भी.’

हे उत्तर खरं नसतं, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. जवळच्या करोल बाग, राजेंद्रनगरात स्पर्धा परीक्षांसाठी मराठी मुलं येऊन राहतात. त्यांतल्या एखाद्याने खर्चाला हातभार म्हणून असं काम धरायचं ठरवलं, तर सकाळच्या क्लासची गोष्ट तो पहिल्या दिवशी काढत नाही. काढली तर मागे उभ्या असलेल्याला काम मिळेल, ही धास्ती. मग महिन्याभरात क्लास तरी बुडतो, नाहीतर नोकरी तरी जाते. बाईची अडचण आणखी वेगळी. मेट्रो रात्री अकराच्या सुमारास बंद होते. पाळी बाराला सुटणार असेल तर घरी पोचवणार कोण, हे तिने विचारलं की ‘टाइमिंगचा प्रॉब्लेम आहे’ असा शेरा बसतो. खरं बोलणाऱ्याचं नुकसान आणि दडवणाऱ्याला नोकरी, अशी ही परीक्षा आहे.

कामगाराच्या वेळेला हद्द असते, हे आपल्याकडे भांडून मान्य करून घ्यावं लागलं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली; रविवारची सुट्टी पदरात पडायला 1890 उजाडलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच दिल्लीत व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कारखान्यांतला आठवडा 54 तासांवरून 48वर आणणारं विधेयक आलं आणि 1946मध्ये त्याचा कायदा झाला. दिल्लीच्या 1954च्या दुकाने व आस्थापना कायद्यानेही दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली, जादा कामाला दुप्पट दर ठरवला.

हद्द अशी कागदावर आहे. पण काउंटरमागच्या बाकड्यावर झोपणाऱ्या पोऱ्याचे तास मोजायचे कसे? बेल वाजली की तो उठतो. मालकाच्या हिशेबी मधला वेळ आरामाचा. ‘कधीही येईन’ असं एकदा बोलून गेलेल्या माणसाला ही हद्द दाखवायला तोंड उरत नाही.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने 2017मध्ये यावर एक उपाय काढला. 500 किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या दुकानं, हॉटेलं आणि खानावळींच्या कंपन्यांनी माणूस कामावर घेतानाच त्याला कामाच्या वेळांचा लेखी अंदाज द्यायचा. पुढचं वेळापत्रकही आता 14 दिवस आधी लावावं लागतं. पहाडगंजातलं वीस खोल्यांचं हॉटेल अशा कायद्यात कधीच बसणार नाही. ‘गाडी लेट झाली तर मी काय करू?’ हे तिथल्या मालकाचं म्हणणंही खोटं नाही. पण गाड्या रोजच लेट होतात, लग्नसराई दरवर्षी येते. रात्रपाळीला माणूस लागणार हे त्याला आजच माहीत आहे. माहीत असलेली गोष्ट अर्ध्या पानावर लिहून द्यायला कायदा कशाला हवा?

माझं म्हणणं एवढंच, की मुलाखतीतली ही प्रश्नोत्तरं उलट्या क्रमाने व्हावीत. पाळी किती वाजता सुरू, किती वाजता संपणार, सुट्टी कुठल्या वारी, पाळी बदलली तर किती दिवस आधी कळणार, रात्री घरी जायची सोय काय, हे आधी मालकाने सांगावं आणि मगच उमेदवाराची वेळ विचारावी. उमेदवारानेही जमणारे वार आणि न जमणारे तास पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावेत. रुजू झाल्यावर सांगितलेली तीच गोष्ट तक्रार ठरते.

हा अंक वाचणाऱ्यांतही दुकान, दवाखाना, क्लास चालवणारे बरेच असतील. दिवाळीनंतर नवा माणूस ठेवाल, तेव्हा त्याला ‘कधी येऊ शकशील?’ असं विचारण्याआधी तुमच्या वेळा लिहिलेला कागद त्याच्या हातात द्या.