साठीचं गणित

काल रात्री पी. डी. जेम्स यांची ‘द चिल्ड्रन ऑफ मेन’ पुन्हा एकदा वाचून संपवली. सकाळी चहाचा कप हातात घेतला तरी ती डोक्यातून जाईना.

कादंबरी १९९२ ची. तिच्यातल्या जगात १९९५ नंतर पाळणाच हललेला नाही. २००६ साली अल्फोन्सो क्वारोन यांनी तिच्यावर सिनेमा काढला, त्यात निर्वासितांना फलाटावरच्या पिंजऱ्यांत कोंडलेलं दिसतं. बघताना पोटात गोळा येतो. पण मला कादंबरीतली सोय जास्त बोचते. गरीब देशांतली तरुण पोरं आणायची, त्यांना नाव द्यायचं ‘सोजर्नर’, म्हणजे चार दिवसांचे पाहुणे. पाहुण्यांनी गटारं उपसायची, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची शी-शू काढायची. साठी भरली की परत रवानगी. जेम्सबाई १९६८ ते १९७९ ब्रिटनच्या सरकारी गृहखात्यात नोकरीला होत्या. फाइल कशी सरकते हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणूनच हा नियम इतका गुळगुळीत उतरलाय. जन्मतारीख बघायची, शिक्का मारायचा.

घराला दार असावं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. शिधा मोजका असेल तर किती जणांना आत घ्यायचं हा प्रश्न खराच, आणि तो विचारणारा प्रत्येक जण काही दुष्ट नसतो. पण इथे दारातून आत घेतात ते नुसते हात. माणूस कितीही वर्षं राबला तरी उंबऱ्याबाहेरच.

बरं, नीती बाजूला ठेवू, नुसता व्यवहार बघू. मूल कुठल्याच देशात जन्मत नाही, तेव्हा पृथ्वीवरचा सर्वांत धाकटा माणूस १९९५ चा. २०५५ सरेल तेव्हा तोही साठीचा. शेवटच्या सोजर्नरला गाडीत बसवायचं, आणि बदली यायला जगात कोणी नाही! जेम्सबाई अखेरीस एक बाळ जन्माला घालतात आणि या हिशेबातून सुटतात. एका बाळाने तो सुटत नाही म्हणा.

मी मात्र त्या शेवटच्या रवानगीच्या सकाळपाशीच अडलोय. ८५ वर्षांची कोणी बाई उशीला टेकून बसलीय, तोंड उघडून. लापशी भरवणारीची आज साठी भरली. खाली गाडीचा हॉर्न वाजतो. ती वाटी स्टुलावर ठेवते, पदराशी चाळा करावा तशी एप्रनची गाठ सोडते. वाटी उचलायला शेजारच्या खाटेवरचे आजोबा हात पुढे करतात, आणि चमचा वाटीच्या काठावर खडखडत राहतो.