तक्रारदाराच्या खांद्यावर टाकलेला कायदा

गोंगाटाविरुद्ध आपल्याकडे कायदाच नाही, असा एक समज आहे. तो खरा नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालापासून देशभर लागू आहेत आणि ते चांगले काटेकोर आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. ही सूट वेळेची आहे, आवाजाच्या पातळीची नाही, हे मात्र मंडळांचे कार्यकर्ते सोडाच, बंदोबस्तावरचे पोलीसही विसरतात. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे नियम उचलून धरले आणि स्पष्ट केले, की बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला ऐकायची सक्ती करण्याचा अधिकार येत नाही.

एवढे असून पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर विसर्जन मिरवणुकीतला आवाज कित्येक वर्षे शंभर डेसिबलच्या पुढे नोंदला गेला आहे. डेसिबलची पट्टी साधी नसते. दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजे पंचावन्नची मर्यादा ओलांडून आवाज शंभरावर जातो, तेव्हा तीव्रता तीस हजारपटींहून जास्त झालेली असते. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार कामगाराने पंच्याऐंशी डेसिबलमध्ये जास्तीत जास्त आठ तास काम करावे, शंभर डेसिबलमध्ये मात्र पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. ट्रॉलीवर रचलेल्या बेसच्या भिंतीशेजारी आपला हवालदार कानात बोळाही न घालता रात्रभर उभा असतो. त्याच ट्रॉलीवर मिक्सर सांभाळणारा विशी-बाविशीतला पोरगा अख्खा हंगाम त्यातच काढतो. त्या कानांचे काय होत असेल, याची चौकशी कोणी करत नाही.

नियम असूनही ते पाळले जात नाहीत, याचे कारण ते चालू व्हायला तक्रार लागते. रात्री अकराला ठाण्यात फोन केला, की पहिला प्रश्न येतो, 'नाव काय? कुठून बोलताय?' नाव सांगितले की ते मंडपापर्यंत पोहोचणार, ही धास्ती प्रत्येकाला असते. उद्या त्याच गल्लीत राहायचे आहे, त्याच पोरांकडून गाडी काढायला वाट मागायची आहे. मग माणूस खिडक्या लावून घेतो आणि आजारी आईच्या उशाशी बसून राहतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तक्रारदाराची ओळख उघड न करता कारवाई करा, असा आदेश पोलिसांना दिला, तो याच भीतीची दखल घेऊन. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अनिवार्य भाग नाही, हेही त्याच निकालात आहे. भोंगे कुणाचे, डॉल्बी कुणाची, या वादात शिरणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. डेसिबल मोजणाऱ्या यंत्राला जात-धर्म कळत नाही. कारवाईही तशीच व्हायला हवी.

पण ओळख लपवली तरी ओझे शेजाऱ्याच्याच खांद्यावर राहते. ते तिथून काढून जिथे आवाज तयार होतो तिथे ठेवले पाहिजे. डॉल्बी काही आभाळातून पडत नाही. ती भाड्याने येते. तालुक्यात साउंड सिस्टीमचे मालक मोजके असतात, त्यांची गोदामे, जनरेटर, टेम्पो पोलिसांना ठाऊक असतात. आवाजाची कमाल पातळी बांधून देणारी सोय यंत्रातच बसवण्याचा विचार सरकारने करावा, असे उच्च न्यायालयानेच सुचवले आहे. ती सोय बसवून सील केल्याशिवाय कोणतीही सिस्टीम भाड्याने देता येऊ नये. परवान्यावर मंडळाच्या अध्यक्षाबरोबर सिस्टीमच्या मालकाचेही नाव असावे. मिरवणुकीतल्या नोंदी दुसऱ्या दिवशी जाहीर व्हाव्यात आणि मर्यादा मोडणाऱ्याला पुढच्या वर्षी परवाना मिळू नये. मध्यरात्री जमावात शिरून मशीन बंद करण्यापेक्षा हे पोलिसांनाही सोपे आणि सुरक्षित आहे.

'वर्षातून एकदाच तर असतं,' हे उत्तर नेहमीचे आहे. गणपती, दहीहंडी, नवरात्र, जयंत्या, लग्नांच्या वराती, नेत्यांचे वाढदिवस, प्रत्येकाचे एकदाच धरले तरी गल्लीतल्या रहिवाशाच्या वाट्याला ते कितीदा येते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. शिवाय उत्सव आणि गोंगाट यांची सांगड काही जुनी नाही. टिळकांनी १८९३ च्या सुमारास गणेशोत्सव चौकात आणला तेव्हा तो व्याख्याने, मेळे आणि कीर्तनांनी गाजला. लोक जमायचे ते ऐकायला. आज बेसच्या माऱ्यात शेजारी उभ्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही.

म्हणून मागणी उत्सव बंद करण्याची नाही. कुणाला झोप मिळावी, हे त्याच्या धाडसावर अवलंबून नसावे, एवढीच आहे. ज्या दिवशी तक्रार न करताही नियम पाळला जाईल, त्या दिवशी हा कायदा खऱ्या अर्थाने लागू झाला असे म्हणता येईल. तोपर्यंत तो फक्त भांडायची ताकद असलेल्यांच्या उपयोगाचा आहे. आजारी, म्हातारी माणसे, तान्ही लेकरे आणि परीक्षेला बसलेली मुले यांच्यासाठीच तो केलेला होता, आणि त्यांच्यापर्यंतच तो अजून पोहोचलेला नाही.