उंदराची निराशा

अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावायचे, हे कोकणात कुणाला शिकवावे लागत नाही. याच कोकमाच्या सालीचा अर्क हरियाणातील हिसारच्या संशोधकांनी उंदरांना देऊन पाहिला आणि नैराश्यावर तो उपयोगी पडू शकेल असे २०१७ साली प्रसिद्ध केले. रत्नागिरीकरांना याचा आनंदच व्हावा. पण उंदराची निराशा ओळखली कशी?

त्याची रीत ठरलेली आहे. शेपटीला चिकटपट्टी लावून उंदराला सहा मिनिटे उलटे टांगतात. तो धडपडतो, मग निपचित होतो. निपचित राहिल्याची सेकंदे मोजतात. अर्क दिलेल्या उंदराची सेकंदे कमी भरली, तर अर्कात गुण आहे. १९७७ साली पोरसोल्ट यांनी उंदरांना पाण्यात सोडण्याची चाचणी मांडली, तिचाही हिशेब हाच.

आमचे मन इथे अडते. थांबलेला उंदीर हताश झाला, की शक्ती राखून ठेवण्याची अक्कल त्याला सुचली? शास्त्रज्ञांतही यावर वाद आहे. बरे, तो खरोखर हताश झाला असे धरू. मग तो आपल्या इतका जवळचा ठरला की त्याला टांगल्याचा जाब आपल्याला द्यावा लागेल. तो तसा नसेल, तर त्याच्या सेकंदांवरून आमच्या शेजारणीच्या उदासीचे औषध कसे ठरवणार? दोन्ही बाजूंनी फायदा घेता येणार नाही.

उर्दू वाचणाऱ्यांना 'इख्वानुस्सफा' आठवेल. दहाव्या शतकातील बसऱ्याची ही अरबी कथा मौलवी इकराम अलींनी १८१० साली उर्दूत आणली. त्यात जनावरे जिन्नांच्या बादशहापुढे माणसाविरुद्ध फिर्याद करतात. निकाल शेवटी माणसाच्या बाजूने लागतो, पण ताकदीच्या किंवा हुशारीच्या जोरावर नव्हे. मेल्यानंतर पुन्हा उठून हिशेब माणसाला द्यायचा आहे, या मुद्द्यावर लागतो.

आपल्या देशाच्या १९६० च्या कायद्यातही शक्य तिथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत असे आहे. मात्र मोठ्या जनावराऐवजी ससा, बेडूक, उंदीर चालत असेल तर तोच घ्यावा, असेही त्याच कलमात आहे. लहान असणे हा उंदराचा गुन्हा!

आजार मात्र खोटा नाही. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आमच्या रत्नागिरीत आहे, तरी मोहल्ल्यातली बाई आधी नजर उतरवून घेते, तावीज बांधते. औषध हवेच. शिवाय अर्क म्हणजे सोलकढी नव्हे. त्याची कोणती मात्रा घातक ठरते, हे आधी जनावरावर पाहणे आम्हाला पटते. निराशेचे तसे नाही. भावनगरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात हळदीतील कर्क्युमिन साठ रुग्णांच्या चाचणीत तपासले गेले, निष्कर्ष २०१४ साली आले. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०२४ मध्ये पाण्याच्या चाचणीवर बंदीच घातली.

आमच्या उर्दू शाळेतल्या मुली पुढे फार्मसीला जातात. प्रयोगशाळेत जाऊ नका असे आम्ही त्यांना सांगणार नाही. उंदीर किती सेकंद हलला नाही ते वहीत लिहा, एवढे सांगू. तो निराश होता असे लिहायचे असेल, तर त्याच पानावर त्याला कशासाठी टांगले तेही लिहा.