तुझ्या करातला एक रुपया

कोल्हापुरातला माझा एक शाळेपासूनचा मित्र चित्रकार आहे. त्याच्या वर्षाचा हिशेब साधारण असा. पावसाळ्याच्या तोंडापासून गणेशचतुर्थीपर्यंत कुंभार गल्लीत मूर्ती रंगवणं, त्यात डोळ्यांच्या आखणीचे पैसे वेगळे. शनिवार-रविवार चित्रकलेचे क्लास. अधूनमधून एखाद्या नव्या हॉटेलची भिंत, एखाद्या शाळेच्या आवारातले शिवाजी महाराज. आणि हे सगळं करून उरलेल्या दिवसांत, म्हणजे वर्षातले फार तर साठ-सत्तर दिवस, तो ज्याला ‘माझं काम’ म्हणतो ते: पंचगंगेचा घाट, रंकाळा, पन्हाळ्याच्या वाटेवरचं भरून आलेलं आभाळ. सगळं जलरंगात.

मागच्या दिवाळीत त्याने मला विचारलं, “भावा, तू एवढा टॅक्स भरतोस. त्यातला एक रुपया माझ्या कागदावर का खर्च व्हावा, सांग की.” तो पैसे मागत नव्हता आणि टोमणाही मारत नव्हता. त्याला खरोखर उत्तर हवं होतं. मी संस्कृती, वारसा, समाजमन असं काहीतरी बोललो. तो म्हणाला, “हे प्रदर्शनाच्या उद्घाटनाला पाहुणे बोलतात ते झालं. आता तुझं सांग.”

प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे, कारण रुपया एकट्या माझा नाही. रंकाळ्यावर भेळेची गाडी लावणारी बाई आयकर भरत नसेल, पण तेलाच्या पिशवीवर जीएसटी भरतेच. ती कधीही आर्ट गॅलरीत जाणार नाही. तिला त्या चित्राची गरज आहे असंही नाही, तळं तिच्या समोरच आहे. तिच्या रुपयातून माझ्या मित्राला वेळ विकत घेऊन द्यायचा असेल, तर त्याचं कारण तिला तोंडावर सांगता यायला हवं. ‘शाळेचं छप्पर गळतंय आणि तुम्ही चित्रांना पैसे देता’ हा आक्षेप मला फार गंभीर वाटत नाही, कारण छप्पर चित्रांमुळे गळत नसतं. पण ‘मला न विचारता माझ्या पैशाने तुमची आवड का पोसायची’ हा आक्षेप खरा आहे.

सर्वांत सोपं उत्तर म्हणजे कलेवरचा पैसा परत येतो. आयर्लंडने २०२२ मध्ये २,००० कलाकारांना दर आठवड्याला ३२५ युरो द्यायला सुरुवात केली. तिथल्या सरकारने करून घेतलेल्या अभ्यासात एका युरोमागे समाजाला १.३९ युरो परत मिळाले असं निघालं. आकडा चांगला आहे आणि माझ्या व्यवसायातल्या लोकांना असे आकडे आवडतात. तरी हे उत्तर मी वापरणार नाही. उद्या कोणी दाखवून दिलं की तोच युरो मत्स्यशेतीत १.६० देतो, तर मग चित्रं बंद करायची का? ज्याच्यासाठी पैसे द्यायचे त्याचंच नाव न घेता केलेला हा युक्तिवाद आहे.

मला पटणाऱ्या उत्तराच्या जवळ जाणारा माणूस म्हणजे रोनाल्ड ड्वॉर्किन. कायद्याचं तत्त्वज्ञान हा त्यांचा विषय, आणि ‘अ मॅटर ऑफ प्रिन्सिपल’ या त्यांच्या १९८५ च्या पुस्तकात उदारमतवादी राज्याने कलेला पैसे द्यावेत का यावर एक निबंध आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की राज्याने ‘हे चित्र चांगलं, म्हणून तुम्ही ते बघा’ असं म्हणू नये. पण संस्कृती ही भाषेसारखी असते. ती आपल्याला मिळते तेव्हाच तिच्यात किती शब्द आहेत हे ठरलेलं असतं. आपण ती पुढे देताना शब्द कमी करून देऊ नयेत, एवढी जबाबदारी राज्याची आहे.

कोल्हापुरात हे समजायला सोपं जातं. आबालाल रहमान इथे कोटितीर्थाच्या काठी राहून निसर्ग रंगवत होते. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमापर्यंत गेले. सिनेमातले नट चंद्रकांत मांडरे उत्तम निसर्गचित्रकार होते, त्यांची चित्रं आज राजारामपुरीतल्या त्यांच्या घरी, संग्रहालयात बघता येतात. या लोकांनी हा परिसर बघायची एक रीत तयार केली. माझा मित्र ती वापरतो, आणि मोबाइलवर रंकाळ्याचा सूर्यास्त टिपणारी मुलंही, त्यांना माहीत नसलं तरी, थोडीफार तीच वापरतात. हे भेळवालीला सांगता येईल का? मला वाटतं येईल. तिची मुलगी ज्या गावात मोठी होते आहे, त्या गावाकडे बघण्याच्या रीती संपू नयेत म्हणून. ती यावर “बरं” म्हणेल की हसेल, ते मला सांगता येत नाही. पण हे कारण तिला कमी लेखत नाही.

आता मराठीत या विषयावर बोलताना ‘राजाश्रय की लोकाश्रय’ ही जोडी येतेच. कोल्हापूरला राजाश्रय म्हणजे शाहू महाराज. १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवणारा, राधानगरीचं धरण हाती घेणारा राजा त्याच तिजोरीतून अल्लादियाँ खाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून ठेवत होता, आबालालना आश्रय देत होता, आणि खासबागेत कुस्तीच्या मैदानाला लागून १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभं करत होता. धरण आधी की नाटक आधी, हा वाद त्यांनी घातलेला दिसत नाही. मला हे मनापासून आवडतं. मात्र त्या तिजोरीतही शेतकऱ्याचा सारा होता आणि निवड एका माणसाच्या पसंतीवर होती. पसंती उत्तम होती, हे कोल्हापूरचं भाग्य. भाग्यावर धोरण चालवता येत नाही. १९२२ मध्ये महाराज गेले. आबालाल त्यानंतर नऊ वर्षं जगले, आणि त्यांनी आयुष्यभरात काढलेल्या चित्रांपैकी फार थोडी आज शिल्लक आहेत.

तेच पॅलेस थिएटर म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते जळालं. गावातले नट, तंत्रज्ञ, पडद्यामागची माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. काही दिवसांतच सरकारने पुनर्बांधणीसाठी २० कोटी रुपये जाहीर केले. हे योग्यच झालं, त्यात एक पैसा कमी करा असं मी म्हणणार नाही. पण इतक्या लवकर, इतक्या एकमताने पैसे कशाला मिळतात हे बघण्यासारखं आहे. इमारतीला मतं नसतात. ती वाईट नाटक लिहीत नाही, मंत्र्यावर विनोद करत नाही, आणि तिच्यावर कोनशिला बसवता येते. माणसाला पैसे द्यायचे म्हटले की लगेच विचारलं जातं, याला का, त्याला का नाही.

माणसांसाठी काहीच नाही असं नाही. राज्य नाट्य स्पर्धा आहे, आणि तिचं मला कौतुक आहे. हौशी संघाला एक तारीख मिळते, रंगमंच मिळतो, आणि त्या तारखेसाठी महिनाभर नोकरी सांभाळून माणसं रात्री तालमी करतात. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, हेही एक अनुदानच, फक्त त्याला कोणी तसं म्हणत नाही. चित्रकारांच्या बाबतीत तर मला सगळ्यांत मोठं सरकारी अनुदान भलतीकडेच सापडलं. इंटरमिजिएट परीक्षा पास झाल्यावर दहावीला वाढीव गुण मिळतात. त्या गुणांसाठी पालक पोरांना क्लासला घालतात, आणि त्या फीवर माझ्या मित्रासारखे चित्रकार गावोगाव जगतात. कला संचालनालयाच्या कुठल्याही योजनेपेक्षा या गुणांनी जास्त चित्रकार जगवले असतील असा माझा अंदाज आहे. पण पैसा येतो तेव्हा आपला आकारही घेऊन येतो. स्मरणचित्र, संकल्पचित्र, वेळेत पूर्ण करायचं, चौकटीबाहेर जायचं नाही. मित्र म्हणतो, आठवड्यातले दोन दिवस असं शिकवलं की सोमवारी स्वतःचा हातही चौकटीतच चालतो.

आणि मग आहे वृद्ध कलावंतांची मानधन योजना, आता शाहू महाराजांच्याच नावाने. वयाची अट ५०. उत्पन्नाची मर्यादा. पूर्वी तिच्यात तीन श्रेणी होत्या. राष्ट्रीय पातळीच्या कलावंताला महिन्याला ३,१५०, राज्य पातळीच्या कलावंताला २,७००, स्थानिकाला २,२५० रुपये. त्या तीन आकड्यांकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो. आयुष्यभर गावोगाव पोवाडे गायलेल्या म्हाताऱ्याला सांगायचं की तुझी कला साडेचारशे रुपयांनी कमी आहे! २०२४ मध्ये श्रेण्या काढून सरसकट ५,००० रुपये केले. रक्कम वाढली याच्या बातम्या आल्या, पण माझ्या मते मोठी गोष्ट दुसरी होती: कोणाची कला किती वजनाची, हे सांगणं सरकारने निदान एका ठिकाणी सोडलं.

वयाची अट मात्र तशीच राहिली. तिचा अर्थ असा निघतो की कलाकार काम करत असतो तेव्हा त्याचं तो बघेल, काम थांबलं आणि खायला नसलं की आपण बघू. गरजू म्हाताऱ्यांना पैसे द्यायलाच हवेत. पण तो निराधारांचा हक्क झाला, त्यातून एकही नवं चित्र तयार होत नाही. माझा मित्र एकोणतीस वर्षांचा आहे. त्याला हवा आहे तो वेळ आत्ता हवा आहे.

तर मग आत्ता कोणाला द्यायचा, आणि कोणी ठरवायचं? समिती म्हटली की ओळखी आल्या. आणि सरकारी समितीची दुसरी भीती मराठी माणसाला कोणी समजावून सांगायला नको. आपल्याकडे नाटकाची संहिता आजही रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते, आणि १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंगांना कोर्टात जावं लागलं होतं. एका हाताने नाट्य स्पर्धा भरवायची आणि दुसऱ्या हाताने वाक्यं कापायची, अशी ही व्यवस्था. तिच्याच हातात चित्रकाराच्या महिन्याचा खर्च द्यायचा तर जपूनच द्यावा लागेल. माझ्या पेशातला उपाय म्हणजे मोजमाप: किती लोक आले, किती चित्रं विकली, किती फॉलोअर. पण जे मोजाल तेच लोक करायला लागतात, हे माझ्या ऑफिसात दर तिमाहीला दिसतं.

आयर्लंडने जे केलं त्यातला मला सर्वांत आवडलेला भाग इथे येतो. अर्ज करणारा खरोखर कलेत काम करतो का, एवढंच त्यांनी तपासलं. आठ हजारांहून जास्त लोक पात्र ठरले. त्यांतले २,००० त्यांनी सोडत काढून निवडले. कोण श्रेष्ठ, हे आम्हाला कळत नाही, असं सरकारने उघड मान्य केल्यासारखं. मी हे मोठ्या उत्साहाने मित्राला सांगितलं.

“म्हणजे म्हाडाच्या घरासारखं?” तो म्हणाला. त्याला अजिबात आवडलं नाही. त्याचं म्हणणं, पैसे मिळावेत ते माझं चित्र चांगलं आहे म्हणून, माझं नशीब चांगलं आहे म्हणून नव्हे. चिठ्ठीत नाव निघालं तर घरी काय सांगू, बक्षीस मिळालं की लॉटरी लागली?

त्याच्या म्हणण्यात दम आहे. त्याला पैशाबरोबर मान हवा आहे, आणि ज्याचे आईवडील अजूनही “नोकरीचं बघ” म्हणतात त्याला तो हवा असणारच. माझं उत्तर एवढंच की मान सरकारकडून घेऊ नकोस. तो शाहू स्मारकच्या कलादालनात तुझ्या चित्रासमोर दहा मिनिटं थांबलेल्या अनोळखी माणसाकडून घे, ज्येष्ठ चित्रकाराकडून घे. सरकारकडून फक्त वेळ घे. जे सरकार मान देतं ते तो काढूनही घेऊ शकतं. तो यावर म्हणाला, “तुला पगारवाढ मिळते तेव्हा तू हे म्हणतोस का?” मी म्हणत नाही.

तरीही सोडतीवर मी ठाम आहे, आणि मी आकडेमोडही केली. जिल्ह्यातल्या शंभर कलाकारांना महिन्याला १५,००० रुपये, म्हणजे वर्षाला १ कोटी ८० लाख. तीन वर्षांनी नवी सोडत. चित्रकार, नट, तमाशातली ढोलकी वाजवणारा, सगळे एकाच मडक्यात. अट एकच, वर्षातून एकदा काम लोकांसमोर ठेवायचं, आणि ते कोणी आधी तपासायचं नाही. शंभरातले साठ जण सामान्य काम करतील, काहीजण काहीच करणार नाहीत, हे धरूनच मी बोलतोय.

इथे लोक म्हणतात, मग तो पैसा वाया गेला ना? मी सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलो. माझ्या फीपेक्षा कितीतरी जास्त खर्च राज्याने माझ्यावर केला आणि त्यातला काही त्या भेळवालीचाही होता. आमच्या वर्गात साठ जण होतो. काही उत्तम इंजिनिअर झाले, बरेचसे माझ्यासारखे परदेशी बँकांचं सॉफ्टवेअर दुरुस्त करतात, दोघं स्पर्धा परीक्षेला बसले, एकाने वडिलांचं किराणा दुकान घेतलं. आमच्यातले किती जण चांगले निघाले आणि किती वाया गेले, हे विचारायला आजपर्यंत कोणीही आलेलं नाही.