हरण्याचा हक्क

2019 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख होती 4 ऑक्टोबर. आमचं मौदा ज्या कामठी मतदारसंघात येतं, तिथे भाजपच्या उमेदवाराचं नाव ऐन शेवटच्या घडीपर्यंत लटकलेलं होतं. एरवी प्रश्नच पडू नये अशी ही जागा. चंद्रशेखर बावनकुळे 2004, 2009 आणि 2014 असे सलग तीनदा इथून निवडून आलेले, राज्याचे ऊर्जामंत्री, नागपूरचे पालकमंत्री. पण याद्यांमागून याद्या आल्या, त्यांचं नाव काही आलं नाही. शेवटी तिकीट मिळालं टेकचंद सावरकरांना. का कापलं, याची कारणं लोकांनी पानठेल्यावर आपापल्या परीने लावली.

बावनकुळेंनी बंड केलं नाही. सावरकर निवडून आले, पण 2014 मध्ये सुमारे 40 हजार असलेलं मताधिक्य सुमारे 11 हजारांवर उतरलं. पुढचं तुम्हाला माहीत असेल. डिसेंबर 2021 मध्ये बावनकुळे विधान परिषदेवर गेले, ऑगस्ट 2022 मध्ये प्रदेशाध्यक्ष झाले, 2024 मध्ये कामठीतूनच पुन्हा सुमारे 40 हजारांनी जिंकले आणि महसूलमंत्री झाले. यावेळी जागा सोडावी लागली ती सावरकरांना.

आमच्याकडे ही गोष्ट संयमाची गोष्ट म्हणून सांगतात. 'थांबला म्हणून मिळालं.' नाराज कार्यकर्त्याला समजावायला आता याहून सोयीचा दाखला नाही. मला मात्र यात एक गोष्ट खटकते. समजा, त्यांना पुढे काहीच मिळालं नसतं, तर त्यांचं थांबणं चुकीचं ठरलं असतं का? निष्ठेचं मोल नंतर मिळालेल्या पदावरून ठरत असेल, तर ती निष्ठा नाही, गुंतवणूक आहे. गुंतवणूक करण्यात गैर काहीच नाही. फक्त तिला सद्गुण म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये. विशेषतः ज्याला परतावा मिळण्याची शक्यताच नाही, त्याच्या.

मग खरा प्रश्न असा: उमेदवारीच्या लढाईत जो हरला, त्याने पक्षासोबत का राहावं?

एक उत्तर मला पटतं. शर्यतीत उतरणं म्हणजे आधीच दिलेला शब्द असतो. जिंकलो तर तुम्ही माझं ऐकाल, हरलो तर मी तुमचं ऐकेन. फक्त जिंकण्यापुरती शर्यत मान्य, असं म्हणता येत नाही. प्रत्येक हरणारा उठून वेगळी चूल मांडू लागला, तर शर्यतीला अर्थच उरत नाही. म्हणजे हरल्यावर सोबत राहणं हा मोठेपणा नाही, तो आधीच्या कराराचा उरलेला भाग आहे.

अमेरिकेत 2008 मध्ये हे दिसलं. डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन जानेवारीपासून जूनपर्यंत राज्याराज्यांत लढले. बोलणी कडवट झाली, समर्थकांत दुरावा आला. 7 जूनला हिलरींनी माघार घेऊन पाठिंबा दिला. ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात ओबामांना एकमताने उमेदवार करा, हा प्रस्ताव त्यांनीच मांडला. हे सोपं नसणार. पण त्यांच्याकडे एक गोष्ट होती, जी आपल्याकडच्या तिकीट कापलेल्या माणसाकडे नसते: आकडा. सुमारे 1 कोटी 80 लाख मतं. कुठल्या राज्यात जिंकलो, कुठे पडलो, किती फरकाने, हे सगळं नोंदलेलं. त्या आकड्याच्या आधारावर त्या उभ्या राहून सांगू शकल्या की मी हरले.

आपल्याकडे हरताच येत नाही. निरीक्षक येतात, मुलाखती होतात, 'सर्व्हे' होतो. तो सर्व्हे कुणी केला, काय विचारलं, कोण पुढे होतं, हे इच्छुकाला कळत नाही. मग एका रात्री यादी येते. ज्याचं नाव नाही तो हरलेला नसतो, गाळलेला असतो. या दोन गोष्टींत फार फरक आहे. हरलेला माणूस कारण शोधू शकतो, पुढच्या वेळची तयारी करू शकतो. गाळलेल्या माणसाकडे फक्त संशय उरतो. कुणी कान भरले? जात आड आली का? पैसा कमी पडला का? आणि अशा माणसाकडून आपण त्याच एकजुटीची अपेक्षा करतो, जी फक्त हरलेल्याकडून मागता येते. शर्यत झालीच नाही, तर शब्द दिला कधी?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे एकाच गोष्टीचे दोन आराखडे समोर येतात, वाद होतो, टीम लीड एक निवडतो आणि मग ज्याचा आराखडा पडला तोही दुसऱ्याच्या आराखड्यावर काम करतो. हे चालतं, कारण वाद लिहिलेला असतो. सहा महिन्यांनी कुणीही ती चर्चा उघडून पाहू शकतं की हरकत कोणी घेतली होती आणि निर्णय कशावरून झाला. याउलट आमच्याकडे 'फोर्स पुश' नावाचा प्रकार असतो: दुसऱ्याचं काम पुसून त्यावर आपलं चढवायचं. काम पुढे जातं, पण पुसलेल्या माणसाचं मन त्या प्रोजेक्टवरून उडतं. मध्यरात्रीची उमेदवार यादी म्हणजे पक्षाने आपल्याच माणसांवर केलेला फोर्स पुश आहे.

यावर कुणी म्हणेल, उघड निवडणूक घेतली म्हणजे एकजूट होते असं कुठे आहे? खरंय, होतेच असं नाही. 1939 मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी थेट लढत झाली. सुभाषचंद्र बोस यांना 1,580 मतं, पट्टाभी सीतारामय्यांना 1,377. निकाल स्वच्छ होता. पण गांधीजींनी तो पराभव स्वतःचा मानला, कार्यकारिणीतल्या बहुतेकांनी राजीनामे दिले आणि जिंकलेल्या बोस यांनाच एप्रिल अखेरीस अध्यक्षपद सोडावं लागलं. मे महिन्यात फॉरवर्ड ब्लॉक उभा राहिला. तिथे शब्द मोडला तो हरलेल्या बाजूने, कारण हरलेली बाजू जिंकलेल्या माणसापेक्षा ताकदवान होती.

आणखी मागे गेलं तर एक धागा थेट नागपूरला येतो. 1907 चं काँग्रेस अधिवेशन नागपूरला व्हायचं होतं. इथे टिळकांच्या बाजूचे लोक जोरात होते, म्हणून मवाळांनी ते सुरतेला हलवलं. ज्या प्रांतात अधिवेशन, तिथला माणूस अध्यक्ष नको, असा रिवाज होता. सुरत मुंबई इलाख्यात, त्यामुळे टिळकांचा रस्ता आपोआप बंद. डिसेंबरमध्ये रासबिहारी घोष यांच्या अध्यक्षपदावरून मंडपात जोडा फेकला गेला, खुर्च्या उडाल्या आणि पक्ष फुटला. दोन्ही गट पुन्हा एकत्र यायला 1916 चं लखनौ उजाडलं. सुरतेचा जोडा सगळ्यांना आठवतो. पण फूट पडायला सुरुवात तो जोडा उडण्याआधी, मैदान बदललं तेव्हाच झाली होती. नियम आपल्या सोयीने वाकवून मिळवलेल्या विजयानंतर समोरच्याने शांत बसावं, ही अपेक्षा तेव्हाही फोल होती.

म्हणजे मतदान पुरेसं नाही, पण त्याच्यावाचूनही भागत नाही. 2022 मध्ये काँग्रेसने अध्यक्षपदासाठी मतदान घेतलं. मल्लिकार्जुन खर्गे 7,897, शशी थरूर 1,072. लढत एकतर्फी होती हे उघडच आहे. तरी त्या 1,072 मतांना अर्थ आहे. आपल्यासोबत किती लोक होते, हे थरूर यांना माहीत आहे आणि पक्षालाही. पुढच्या वर्षी ते कार्यकारिणीत होते.

नेत्यांचं एक बरं असतं, त्यांचं 'पुनर्वसन' होतं. 2024 मध्ये आमच्याच रामटेक लोकसभेत शिवसेनेने दोनदा खासदार राहिलेल्या कृपाल तुमाने यांना डावलून काँग्रेसमधून आलेल्या राजू पारवे यांना उभं केलं. पारवे पडले. तुमाने जुलैमध्ये विधान परिषदेवर गेले. यवतमाळ-वाशिममध्ये तिकीट कापलेल्या भावना गवळीही त्याच वेळी तिथे गेल्या. सभागृह मोठं आहे, महामंडळं आहेत, पदं आहेत.

पण सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याचं पुनर्वसन कुठे होतं? पाच वर्षं तो एका माणसासाठी घरोघरी फिरतो. शेजाऱ्याशी वाकडं घेतो, चुलतभावाशी बोलणं टाकतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसऱ्या गटाला वाट्टेल ते बोलतो. मग वर दिलजमाई होते. दोन नेते एकमेकांना पेढा भरवतात, फोटो येतो. आता याने काय करायचं? ज्याला काल चोर म्हटलं, त्याच्यासाठी उद्या त्याच दारात मतं मागायला जायचं. दारातली माणसं हसतात. नेत्याच्या एकजुटीची किंमत त्याच्या शब्दाने चुकवली जाते, आणि मौद्यासारख्या गावात माणसाकडे शब्दाशिवाय फार काही नसतं. तोच किराणा, तोच बसस्टँड, तीच तोंडं रोज समोर.

म्हणून एकजुटीचं ओझं आपण ज्याच्या खांद्यावर टाकतो तिथे ते शोभत नाही, असं मला वाटतं. सगळे उपदेश नाराजांसाठी असतात: संयम ठेवा, पक्ष मोठा आहे, तुमचाही विचार होईल. निवडणाऱ्याला आणि निवडलेल्याला कुणी काही विचारत नाही. वास्तविक पहिलं देणं त्यांचं आहे. निर्णय कशावरून झाला ते सांगणं. डावललेल्याच्या घरी स्वतः जाणं, आणि तेही माघारीच्या मुदतीआधी मनधरणी म्हणून नाही, तर निकालानंतर, जेव्हा त्याची गरज उरलेली नसते तेव्हा. त्याच्या माणसांना बूथवर आणि समितीत पूर्वीइतकीच जागा देणं.

आणि डावललेल्याचं देणं? शर्यत खरी असेल, तर सोबत राहणं. ती खोटी असेल, तर तसं उघड सांगणं. सांगली 2024 मध्ये विशाल पाटील यांनी तेच केलं. जागा आघाडीत दुसऱ्या पक्षाला गेली, ते अपक्ष उभे राहिले, सुमारे एक लाखाने जिंकले आणि नंतर काँग्रेसलाच पाठिंबा दिला. ते जिंकले म्हणून त्यांचं बंड योग्य होतं, असं मी म्हणणार नाही. मग मी वरचीच चूक करेन, परताव्यावरून मोल ठरवायची. त्यांच्या बंडात एक गोष्ट मात्र स्वच्छ होती: ते तोंडावर होतं. सगळ्यात वाईट तो, जो मंचावर हार घालतो आणि रात्री बूथवर निरोप पाठवतो की यावेळी हात आखडता घ्या. बंडखोराला पक्ष निलंबित करतो. याचं नाव मात्र कुठल्याच यादीत येत नाही, आणि एकजुटीच्या फोटोत तो पहिल्या रांगेत असतो.

'मला हा निर्णय पटलेला नाही, तरी मी काम करेन.' हे वाक्य मंचावरून माईकवर बोलता यायला हवं. ज्या पक्षात ते बोलणारा दुसऱ्या दिवशी गद्दार ठरत नाही, त्या पक्षाच्या एकजुटीवर मी विश्वास ठेवेन. ज्या पक्षात ते बोलताच येत नाही, तिथे जे दिसतं ती नुसती शांतता असते. 40 हजारांचं मताधिक्य 11 हजारांवर आलं, तेव्हाही वरून सगळं शांतच दिसत होतं.