कापडावरचं कापड

राजा रविवर्मांच्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या काही तसबिरी जुन्या संग्रहांमध्ये वेगळ्याच रूपात भेटतात. छापलेल्या साडीवर खरी साडी चढवलेली असते. जरीचा काठ, टिकल्या, मणी, कुठे रेशमाचा तुकडा. देवीचा चेहरा, हात आणि पावलं तेवढी कागदावरची. बाकी सगळं अंग सुईदोऱ्याने नेसवलेलं. हे काम कुणाच्या हातचं, याची नोंद बहुधा कुठेच नसते.

चित्रातल्या देवीला साडी होतीच. चित्रकाराने तिच्या निऱ्या, पदर, काठावरची चमक मन लावून रंगवली होती. मग ही दुसरी साडी कुणासाठी? कागदासाठी, की कागदावर जी उभी आहे तिच्यासाठी? आणि ती कागदावर आहे म्हणजे नेमकी कुठे आहे?

हा प्रश्न वाटतो तितका घरगुती नाही. चौदाव्या शतकात वेदान्ती विद्यारण्यांनी ‘पंचदशी’ लिहिली, तेव्हा त्यातल्या एका अख्ख्या प्रकरणाला ‘चित्रदीप’ असं नाव दिलं आणि ब्रह्म, ईश्वर, जीव, जगत् ही सगळी उतरंड रंगवलेल्या कापडाच्या दृष्टान्ताने उलगडली. कापडाच्या चार अवस्था त्यांनी सांगितल्या. आधी ते नुसतं धुतलेलं, पांढरं असतं. मग त्याला खळ लावून ते घोटतात. त्यानंतर शाईने आकृती रेखतात आणि शेवटी रंग भरतात. शुद्ध चैतन्य, अंतर्यामी, सूत्रात्मा आणि विराट यांना त्यांनी या चार पायऱ्यांवर बसवलं. कारागिराच्या कामाकडे बारकाईने पाहिल्याशिवाय हे सुचणं कठीण. खळ लावलेलं कापड कोऱ्या कापडासारखंच दिसतं, पण चित्र धरायला ते तयार झालेलं असतं, हे त्यांनी हेरलं होतं.

पुढचं निरीक्षण तर त्याहून तीक्ष्ण आहे. चित्रातल्या माणसांच्या अंगावर वस्त्रं रंगवलेली असतात. ती ज्यावर रंगवली आहेत, तेही वस्त्रच. पण रंगवलेलं वस्त्र थंडी वारत नाही. तो वस्त्राचा आभास आहे. जीवातलं चैतन्य हे असंच, मूळ चैतन्यासारखं भासणारं. आणि चित्रातल्या डोंगरावर कुणी कपडे रंगवत नाही, तसा मातीदगडाच्या ठायी हा आभास नसतो, हेही ते सांगतात. साडी नेसवलेल्या त्या तसबिरीपुढे उभं राहिलं की विद्यारण्यांच्या या दृष्टान्ताला कुणीतरी सुईने उत्तर दिलंय असं वाटतं.

विद्यारण्यांच्या काळी आपल्याकडे कॅनव्हासवरचे तैलरंग नव्हते. पण तैलचित्रकाराच्या कामाचा क्रम पाहिला, तर तो त्यांच्या चार पायऱ्यांच्या फार जवळून जातो. लिननचं किंवा सुती कापड चौकटीवर ताणायचं. त्यावर सरसाचा पातळ हात द्यायचा, कारण जवसाचं तेल थेट धाग्यात मुरलं तर काही वर्षांत कापड कुजतं. मग पांढऱ्या अस्तराचे थर, रेखाटन आणि त्यानंतर रंग. रंगांतही शिस्त असते. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ केलेले, वरचे अधिकाधिक तेलकट. उलट केलं तर खालचा थर उशिरा वाळतो आणि वरचा फाटतो. ‘वाळणं’ हा शब्दही इथे फसवा आहे. जलरंगातलं पाणी उडून जातं, जवसाचं तेल उडत नाही. ते हवेतला प्राणवायू ओढून घेतं, वजनाने वाढतं आणि त्याचा चिवट पापुद्रा होतो. सफेद्यातलं शिसं ही क्रिया लवकर घडवतं. हाडांच्या कोळशाचा काळा रंग मात्र दिवसेंदिवस ओला राहतो. चित्रकाराचा दिवस म्हणूनच पुष्कळसा वाट पाहण्यात जातो. दोन-चार चित्रं आलटून पालटून ईझलवर चढतात, कारण त्यांतलं एखादंच त्या दिवशी हात लावू देतं.

तेलाने दिलेली मोठी देणगी म्हणजे कातडी. पारदर्शक रंगाच्या पातळ थरातून उजेड आत शिरतो, खालच्या पांढऱ्या अस्तरावर आपटतो आणि रंग घेऊन परत येतो. गाल आतून उजळल्यासारखा वाटतो तो यामुळे. तो उजेड रंगाचा नसतोच, रंगाखालच्या कोऱ्या पृष्ठभागाचा असतो. शिवाय दशकं उलटली की तेलाचा थर अधिक पारदर्शक होत जातो आणि चित्रकाराने झाकलेल्या जुन्या रेषा वर दिसू लागतात. विद्यारण्यांच्या पहिल्या अवस्थेला, त्या धुतलेल्या पांढऱ्या कापडाला, इतकं जवळचं दुसरं माध्यम सापडणं अवघड आहे.

ही कातडीच पुढे वादाचं कारण झाली. १८६८ साली त्रावणकोर दरबारात आलेल्या थिओडोर जेन्सन या चित्रकाराने तरुण रविवर्मांना शिकवलं असं नाही. शेजारी बसून बघू दिलं. त्या बघण्यातून ते तेल हाताळायला शिकले. १८८८मध्ये सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यासाठी १४ पौराणिक चित्रांचं काम त्यांना दिलं, तेव्हा सीता आणि दमयंती यांनी नेसायचं काय, हाही प्रश्न होता. भाऊ राजराजवर्मांना सोबत घेऊन ते देशभर फिरले, प्रांताप्रांतांचे पेहराव पाहिले आणि साडीवर येऊन थांबले. समोर बसवलेल्या हाडामांसाच्या स्त्रियांवरून देवता रंगू लागल्या.

आनंद कुमारस्वामी आणि भगिनी निवेदिता यांना हे खटकलं. देवतेचं रूप ध्यानातून यावं, समोर बसलेल्या बाईवरून नव्हे, असा त्या टीकेचा गाभा. त्याला शास्त्राचा आधारही आहे. ‘शुक्रनीती’त देवतेची प्रतिमा बेढब असली तरी कल्याणकारी आणि माणसाची सुबक असली तरी तशी नव्हे, असं म्हटलं आहे. या टीकेत तथ्य आहे, पण ती एक गोष्ट पाहत नाही. ध्यानातून आलेल्या मूर्तीलाही शेवटी दगड, लाकूड किंवा पंचधातू लागतोच. देव कुठल्याही वाटेने आला, तरी पदार्थातून यावं लागतं.

आणि पदार्थ कधी सोवळा नसतो. युरोपीय पद्धतीच्या कॅनव्हासवरचा पहिला हात सरसाचा, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांच्या अर्काचा. काळा रंग जाळलेल्या हाडांचा. ब्रश डुकराच्या राठ केसांचे. अशा सामग्रीतून उभी राहिलेली लक्ष्मी देव्हाऱ्यात कशी चालते? यावर सहज उत्तर देण्याआधी देव्हाऱ्यातल्याच वस्तू आठवाव्यात. शंख हे एका प्राण्याचं घर. कस्तुरी मृगाची. मृदंगाची पुडी कातड्याची. सोवळ्यात नेसायचा मुकटा रेशमाचा, आणि रेशमासाठी कोशातला किडा उकळत्या पाण्यात मरतो. परंपरेने पदार्थाचा जन्म खोदून पाहिला नाही. तो कशासाठी वाहिला जातोय ते पाहिलं.

चित्राचा देव परंपरेला परका नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात कृष्ण उद्धवाला प्रतिमांचे आठ प्रकार सांगतो. दगड, लाकूड, धातू, लेप, वाळू, रत्न, मन, आणि त्यांतच रेखाटलेली प्रतिमा. पूजेचा विधी सांगताना तो व्यावहारिक सूचनाही करतो: सगळ्यांना स्नान घालावं, पण जिचं पाण्याने नुकसान होईल ती प्रतिमा नुसती पुसून घ्यावी. याच स्कंधावर एकनाथांनी १५७३ साली काशीत टीका पूर्ण केली आणि मराठी माणसाने हा भाग पिढ्यान् पिढ्या ऐकला. तसबिरीला फडक्याने पुसून गंध लावणारं घर सोय म्हणून पळवाट काढत नव्हतं. पदार्थाच्या मर्यादेपुढे विधीने स्वतः वाकावं, हेच तिथे सांगितलेलं आहे.

पुरीला तर दरवर्षी चित्र मूर्तीची जागा घेतं. ज्येष्ठातल्या स्नानपौर्णिमेनंतर जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा आजारी पडतात, पंधरवडाभर दर्शन बंद होतं आणि भाविक कापडावर रंगवलेल्या तीन पटांपुढे हात जोडतात. कापडाला चिंचोक्याची खळ आणि खडू लावून ते घोटलेलं असतं. विद्यारण्यांची दुसरी अवस्था अजून तिथे कारागिराच्या हातात आहे. पांढरा शंखाचा, तांबडा हिंगुळाचा, पिवळा हरताळाचा, काळा काजळीचा आणि सगळ्यांना धरून ठेवायला कवठाचा डिंक. चित्रकार व्रत पाळून हे पट रंगवतात. मूर्ती बरी झाली की पटाची पाळी संपते. मुद्दा असा की त्या पंधरवड्यात देव चित्रात ‘आल्यासारखा’ मानला जात नाही. तो तिथे असतो.

पुरीचा पट विधीने बांधलेला आहे. रविवर्मांच्या छापील चित्रांना मात्र असा कुठलाच विधी नव्हता. १८९४मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि नंतर लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेलेला हा छापखाना जर्मन यंत्रांवर आणि जर्मन तंत्रज्ञांच्या हाताने चालत होता. प्रत्येक रंगाला छपाईचा वेगळा दगड. एक चित्र अनेक दगडांवरून जायचं आणि प्रत्येक वेळी रेषेवर रेष बसावी लागायची. या छापील चित्रांचं ओलिओग्राफ हे नावच तेलावरून पडलेलं. तैलचित्राचा भास व्हावा म्हणून कागदावर वार्निश आणि काही ठिकाणी कॅनव्हासच्या विणीचा उठाव देत. म्हणजे कापडाचा भास आणणाऱ्या कागदावर रंगवलेल्या कापडाची छापील साडी. विद्यारण्यांना आभासाची एवढी चळत कुणी दाखवली असती, तर त्यांनी चित्रदीपात आणखी दोन श्लोक नक्की घातले असते.

या तसबिरींची प्राणप्रतिष्ठा कुणी केली? कुणीच नाही. नेत्रोन्मीलनाला सोन्याची सळई नव्हती. तैलचित्रात बुबुळावरचा पांढऱ्या रंगाचा ठिपका सर्वांत शेवटी पडतो, आणि डोळा त्या क्षणी पाहू लागतो, हे प्रत्येक चित्रकाराला ठाऊक आहे. पण छापखान्यात तो ठिपका दगडाने शेकडो डोळ्यांवर एकसारखा उमटवला. तरीही घराघरांत त्यांवर हळदकुंकू वाहिलं गेलं.

इथे शंकराचार्यांचं प्रतीकांविषयीचं विवेचन उपयोगी पडतं. प्रतीकात ब्रह्म पाहावं, ब्रह्मात प्रतीक नव्हे, असं ते सांगतात, आणि उदाहरण देतात ते सारथ्याचं. सारथ्याकडे राजा म्हणून पाहिलं तर त्याचा मान वाढतो. राजाकडे सारथी म्हणून पाहिलं तर अनर्थ ओढवतो. नजर वरच्या दिशेने जायला हवी. रविवर्मांवरची टीका नेमकी इथे चुकते असं वाटतं. समोर बसलेल्या बाईत लक्ष्मी पाहणं आणि लक्ष्मीत ती बाई पाहणं यांत दिशेचा फरक आहे, आणि ती दिशा चित्रकार ठरवत नाही. पाहणारा ठरवतो. ज्या हाताने छापील साडीवर जरीचा काठ टाचला, त्याची नजर कुठे जात होती, याबद्दल शंका घ्यायला जागाच नाही.

असं चित्र संवर्धकाच्या टेबलावर येतं तेव्हा हा प्रश्न पुन्हा उघडा पडतो. कपाळावरचं कुंकू हे प्रदूषण, की चित्राचा भाग? समईच्या काजळीचा थर काढायचा तर कापसाच्या बोळ्याला लावायला काय घ्यायचं? नाजूक रंगावरची मळी उतरवायला जगभरचे संवर्धक एक जुना, खात्रीचा उपाय वापरतात. तो म्हणजे स्वतःची थुंकी. तिच्यातली विकरं मळ हळुवार सोडवतात. प्रयोगशाळेत कुणी या उपायाला उष्टं म्हणत नाही. पण ज्या घरातून तसबीर आली, तिथल्या आजीला हे सांगायचं कसं? कुठलाही जाणता संवर्धक तिला आधी विचारेल, आणि तिने नको म्हटलं तर दुसरा उपाय शोधेल.

साडी उसवायची की नाही, हाही निर्णय असतो. ती काळवंडली असेल आणि तिचं वजन कागदाला ओढत असेल, तर उसवली पाहिजे. तसबीर पालथी घातली की मागच्या बाजूला ना देवी, ना साडी. पिवळसर कागदावर फक्त टाक्यांची ओळ दिसते, पुढच्या काठाच्या नेमकी मागून गेलेली, आणि जागोजागी दोऱ्याच्या बारीक गाठी.