रिपोर्ट कुणाच्या मोबाइलवर?

डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी एक, जेम्स वॉटसन, यांच्या संपूर्ण जनुकसंचाचं वाचन 2007 साली पूर्ण झालं. ते जगासाठी खुलं करायला त्यांची हरकत नव्हती. फक्त एक जनुक वगळा, असं त्यांनी सांगितलं. ते म्हणजे एपीओई, ज्याच्या एका प्रकारामुळे अल्झायमरचा धोका वाढतो. त्यांची आजी त्याच आजाराने गेली होती. जनुक झाकलं खरं, पण शेजारच्या भागावरून त्याचा अंदाज बांधता येतो हे इतर संशोधकांच्या लक्षात आलं. मग तो शेजारचा भागही काढून टाकावा लागला. जन्मभर जनुकांमागे लागलेल्या माणसालाही आपल्याबद्दलची एक गोष्ट कळून घ्यायची नव्हती!

हे न कळण्याचं स्वातंत्र्य डिजिटल आरोग्याच्या गजरात कुणाच्या फारसं ध्यानात येत नाही. ॲप काय, पोर्टल काय, 14 अंकी आभा क्रमांक काय, सगळ्यांचा सूर एकच: माहिती रुग्णाच्या हाती द्या, म्हणजे तो सक्षम होईल.

या आग्रहामागे मोठा इतिहास आहे, आणि तो डॉक्टरांच्या मौनाचा आहे. रोग्याचं आयुष्य सरत आल्याचं कळलं तरी, जिथे ते सांगितल्याने त्याला किंवा इतरांना धक्का बसेल तिथे बोलू नये, असा उपदेश चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला केलेला आहे. ग्रीकांच्या हिप्पोक्रेटिक परंपरेतही रोग्यापासून बरंच काही दडवण्याचा सल्ला सापडतो. अगदी 1961 सालच्या अमेरिकन पाहणीतही सुमारे 90 टक्के डॉक्टरांचा कल कॅन्सर झाल्याचं रुग्णाला न सांगण्याकडे होता. 1979 मध्ये तशाच पाहणीत 97 टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूने निघाले. इतक्या जुन्या रिवाजाने अठरा वर्षांत कूस बदलली.

पुढचं पाऊल कायद्याने टाकलं. अमेरिकेतल्या 2016 च्या क्युअर्स कायद्याखालचे नियम एप्रिल 2021 पासून लागू झाले आणि तपासणीचा निष्कर्ष तयार होताच तो रुग्णाला पोर्टलवर दिसू लागला, डॉक्टरांनी पाहिलेला असो वा नसो. रुग्णांना हे आवडलं. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आठ हजारांवर लोकांच्या पाहणीत 96 टक्के जणांनी असंच हवं म्हटलं. मात्र पाहणी झाली ती पोर्टल उघडून निष्कर्ष बघणाऱ्यांची. ज्यांनी ते उघडलंच नाही, त्यांना कोण विचारणार?

शिवाय हाती पडतं ते काय, हेही बघायला हवं. स्तनाच्या गाठीच्या ऑपरेशननंतरचा रिपोर्ट घ्या. ‘मार्जिन निगेटिव्ह’ वाचून बाईच्या पोटात गोळा येतो. वास्तविक काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सरच्या पेशी नाहीत, ही चांगली बातमी. ‘ईआर पॉझिटिव्ह’ म्हणजे हार्मोनविरोधी गोळ्यांचा उपयोग होण्याची शक्यता. ‘नोड पॉझिटिव्ह’ म्हणजे रोग काखेतल्या गाठींपर्यंत पोहोचलाय. तीन ओळींत ‘पॉझिटिव्ह’ एकदा दिलासा देतो, एकदा घाबरवतो. रात्री अकरा वाजता हे समजावून सांगायला शेजारी कुणी नसतं.

आपल्याकडे पेच वेगळाच. लॅबच्या काउंटरवर मोबाइल नंबर विचारला की वडिलांच्या आधी मुलगा आपला नंबर सांगून मोकळा होतो. त्यात दुष्टपणा नसतो; बाबांना पीडीएफ उघडता येत नाही, एवढंच. रिपोर्ट त्याच्या व्हॉट्सॲपवर येतो आणि बाबांना बाहेरच्या बाकावर बसवून तो केबिनमध्ये शिरतो: “डॉक्टर, त्यांच्यासमोर कॅन्सर म्हणू नका हं.” पूर्वी मौन डॉक्टर पाळत, आता घरचे पाळतात. माहिती उघड झाली, पण ज्याचं शरीर त्याला वळसा घालून.

घरच्यांची माया खरी असली तरी तिला अधिकार समजू नये. भूल दिलेल्या मुलीच्या वतीने आईने दिलेल्या संमतीवर डॉक्टरांनी तिचं गर्भाशय काढल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेलं होतं. रुग्ण सज्ञान होती, तातडीचा प्रसंग नव्हता, तेव्हा आईची संमती ग्राह्य नाही, असं न्यायालयाने 2008 मध्ये सांगितलं. आईच्या हेतूबद्दल तिथे वाद नव्हता.

मग न कळण्याचा हक्क कुठे बसवायचा? युरोपच्या 1997 च्या ओव्हिएदो करारात तो जाणण्याच्या हक्काशेजारीच लिहिलेला आहे. अमेरिकेच्या नियमांतही, खुद्द रुग्णानेच थांबवायला सांगितलं तर निष्कर्ष रोखून धरता येतो. अट एकच, इच्छा त्याची हवी, आणि ती आधी विचारलेली हवी. निष्कर्ष आल्यावर विचारलं की प्रश्नातूनच उत्तर फुटतं. म्हणजे विचारायची वेळ नमुना घेतानाची. काहींना सगळं लगेच हवं असेल, काहींना लेकीसोबत डॉक्टरांसमोर बसून, आणि एखादे आजोबा म्हणतील, मुलालाच सांगा, मला नको. असं त्यांनी स्वतः म्हटलं, तर मुलाचा नंबर देण्यात काहीच वावगं नाही.